खजुराचं एक झाड आणि इमानाचं दुखणं

भाऊ, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी लिहिलं होतं, नुकसान न करण्याचं पैगंबरसाहेबांचं वचन आध्यात्मिक हानीलाही लागू होतं. तुम्ही म्हणता, 'ला जरर व ला जिरार' (नुकसान करू नये, नुकसानीला नुकसानीनं उत्तर देऊ नये) हे शेत, पाणी, भिंत आणि देण्याघेण्यापुरतं. आध्यात्मिक हानी मी पदरची घुसडली. आणि उद्या कुणीही 'माझ्या इमानाला (श्रद्धेला) धक्का बसला' म्हणून दुसऱ्याचं तोंड बंद करेल.

शेवटची भीती खरी आहे. पण आधी पैगंबरसाहेबांचे सोबती हजरत समुरा यांची गोष्ट, जी मी लेखात एका ओळीत उरकली. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात (पैगंबरसाहेबांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात) ती आहे. एका अन्सारीच्या (मदिनेतल्या मुसलमानाच्या) बागेत समुरांचं खजुराचं झाड होतं. अन्सारी तिथं बायकापोरांसह राहायचा आणि समुरा झाडाच्या निमित्तानं आत शिरायचे. पैगंबरसाहेब म्हणाले, विकून टाक. नाही. बदल्यात दुसरं घे. नाही. देऊन टाक, सवाब (पुण्य) मिळेल. तरी नाही. तेव्हा 'तू त्रास देणारा आहेस' म्हणत त्यांनी अन्सारीला झाड उपटायला सांगितलं.

आमच्याकडं धुऱ्यावरच्या बाभळीवरून भांडणं होतात. तिथं निदान सावलीत खुरटलेली पऱ्हाटी तलाठ्याला दाखवता येते. अन्सारी काय दाखवणार होता? घरातला मोकळेपणा गेला होता, बस्स.

कुराणातल्या सूरह तौबाच्या 107व्या आयतीत तर एका मशिदीलाच 'जिरार' (नुकसान करणारी) म्हटलंय, कारण ती श्रद्धावंतांत फूट पाडायला बांधली होती. कुणाचं ऊन अडवलं म्हणून नव्हे.

माझ्या फुफीचा (आत्याचा) नवरा रागात तिची जानमाज (नमाजाची चटई) कोठीवर भिरकावायचा. ती चुलीपुढं ओढणी अंथरून नमाज पढायची. अंगावर वळ नव्हता, म्हणून तक्रारही नव्हती. खरं तर 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात बायकोच्या धर्माचरणात अडथळा आणणं क्रूरतेत मोडतं. तिला ते कोण सांगणार?

आता तुमची भीती. उस्मानी मजल्ल्याचं, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या इस्लामी दिवाणी कायद्याच्या संहितेचं, 25वं कलम सांगतं की एक नुकसान तसल्याच दुसऱ्या नुकसानीनं दूर करता येत नाही. म्हणजे फुफीची नमाज अडली ती हानी; दुसऱ्याची इबादत (उपासना) पाहून आपल्याला खुपतं, त्याला हानी म्हणून त्याची वाट अडवता येत नाही. आमच्या जमातीच्या बैठकीत एकजण म्हणाला होता, बायका उरसाला गेल्या की माझं इमान दुखतं. मला तो दुसऱ्याच्या बागेत शिरणाऱ्याच्या जागी दिसला.

त्या दिवशी मी गप्प बसलो, हेही लिहून टाकतो.