रंकाळ्याच्या फेरीनं आयुष्य कसं वाढवावं

रंकाळ्याला रोज फेरी मारणारा जास्त जगतो, हे सिद्ध करायचंय ना? पहाटे सहाला वही घेऊन कट्ट्यावर बसा आणि जो चालत येईल त्याचं नाव लिहा. ज्याला दम लागतो, ज्याचा गुडघा गेलाय, तो अंथरुणात आहे; त्याला उठवायचं पाप करू नका. तुलनेला न चालणारे हवेत? दवाखान्याच्या ओपीडीत आयते बसलेत.

आता 'चालणारा' कोण ते ठरवा. सगळी मेख इथंच आहे. पाच वर्षं सलग चालला तो चालणारा. तिसऱ्या वर्षी कुणी गेला, तर त्याची पाच भरली नाहीत, म्हणून तो न चालणाऱ्यांत. मोजणी मात्र पहिल्या दिवसापासून धरा. म्हणजे पाच वर्षं चालणाऱ्यांच्या गटात यमाला प्रवेशच नाही. शास्त्रात याला 'इम्मॉर्टल टाइम बायस' म्हणतात. नावातच अमरत्व आहे, आणखी काय पाहिजे भावा?

वयाचा हिशेब कुणी मागेलच. दोन खण करा: साठच्या आत, साठच्या वर. एकसष्टचा आणि पंच्याऐंशीचा एकाच पंगतीला, आणि वर लिहा 'वयानुसार समायोजन केले'. तंबाखूबद्दल 'खाता का?' एवढंच विचारा. मिशरी लावणारी आजी खुशाल 'नाही' म्हणते. 400 पैकी 160 जण फोन उचलत नसतील तर सोडून द्या. का उचलत नाहीत हे विचारलंत, तर घरचे भलतंच काही सांगायचे.

निकाल एक नको, वीस मोजा: साखर, रक्तदाब, झोप, काय वाट्टेल ते. कशाचा कशाशी संबंध नसला आणि निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरी 0.05 च्या कसोटीवर (म्हणजे नुसत्या योगायोगालाही वीसात एकदा पास करणाऱ्या) निदान एक 'लक्षणीय' निघायची शक्यता 64 टक्के. उरलेले पांढऱ्या रस्स्यात बुडवा.

दर्जा तपासायला न्यूकॅसल-ऑटवा घ्या, म्हणजे अशा अभ्यासांना तारे देणारी मोजपट्टी. एकूण 9 तारे, त्यातले 'दोन्ही गट तुलना करण्याजोगे आहेत का' याचे फक्त 2. ते दोन्ही गेले तरी बेरीज 7 पर्यंत जाऊ शकते, आणि 7 ला बरेच जण उत्तम म्हणतात. बेरीजच छापा. स्ट्रोब या अहवाल-लेखनाच्या यादीच्या 22 कलमांवर टिका मारून 'दर्जेदार' म्हणा; ती यादी काय लिहिलं एवढंच बघते, कसं केलं ते नाही. अभ्यासातले दोष हुडकणारं रॉबिन्स-आय हे साधन मात्र लांबच ठेवा. तिथं बेरीज नसते, एक दोष गंभीर ठरला की अख्खा अभ्यास निदान तितका गंभीर.

मर्यादांचा परिच्छेद शेवटच्या पानावर, बारीक टायपात. वार्ताहराला पाठवताना तेवढं पान राहून गेलं तरी चालतंय.