आगगाडी ‘मुद्दाम’ बंद केली, या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमची खेळण्यातली आगगाडी बंद झाल्याने तुमच्या मुलाला आणखी डबे मिळाले नाहीत, त्याची गाडी तीन डब्यांवर अडली, त्याबद्दल मनापासून सॉरी. एक स्टार दिलात, तोही मान्य. पण ‘नवीन सेट खपवायला जुना मुद्दाम बंद केला’ आणि ‘साधं कळवलंही नाही’ ही दोन वाक्यं कालपासून डोक्यातून जात नाहीत. आम्ही नऊ माणसं मिळून खेळणी बनवतो, आणि पुढचं गिऱ्हाईक खेळण्याआधी तुमचा रिव्ह्यू वाचणार. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कळवण्याचं. शेवटची बॅच काढायच्या सहा आठवडे आधी, इंजिन घेतलेल्या प्रत्येकाला मेसेज गेला होता. तुम्हालाही गेला. तुमचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे: ‘ऑफर लागली की सांगा.’ ऑफर लावायची वेळच आली नाही, डबे त्याआधीच संपले. तुम्ही विचारलंत तेव्हा शेवटचा डबा जाऊन अकरा दिवस झाले होते. तुमच्यावर ढकलत नाही, पण ‘कळवलंही नाही’ हे काही खरं नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. आगगाडी खपत होती तरी बंद, आणि रिंगांचा मनोरा ‘कोण घेतं देव जाणे’ तरी वर्षानुवर्षं चालू, हे कसं? मॅडम, मनोरा म्हणजे एक दांडा आणि पाच रिंगा. साचा साधा, आत बॅटरी नाही, वर कुणाच्या मालकीचं चित्र नाही. पिवळा रंग थोडा इकडचा तिकडे झाला तरी बाळ तक्रार करत नाही. आणि त्याला दरवर्षी नवीन गिऱ्हाईक जन्माला येतं. डब्याचं तसं नाही. तो फक्त ज्याच्याकडे इंजिन आहे तोच घेणार, त्यातली निम्मी मुलं दोन वर्षांत सायकलकडे वळणार. शिवाय नवा डबा जुन्या कडीत बसला पाहिजे, लाल रंग जुन्या लालाशी जुळला पाहिजे. त्या लालाचा मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाणे, थोडाथोडका मिळत नाही, घ्यायचा तर एकदम भरपूर घ्यावा लागतो.

तरीही आम्ही रेटत होतो. मग शिट्टी वाजवणारी चिप बनवणाऱ्यांनी तीच बनवणं थांबवलं. बदली चिपला वेगळा सर्किट बोर्ड लागतो, तो इंजिनाच्या पोटात मावत नाही. मावायला हवा तर इंजिनाचा साचा बदला. बॅटरीच्या खेळण्यात आतलं एवढं बदललं की सुरक्षिततेच्या चाचण्या पुन्हा करून घ्याव्या लागतात. म्हणजे एका शिट्टीपायी जवळजवळ नवीनच खेळणं. त्यात डब्याचा साचा झिजलेला. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथली कड झिजली की प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. शेवटच्या बॅचची प्रत्येक कडी मी आणि माझ्या बायकोने ब्लेडने तासली आहे, कारण तो पापुद्रा लहान बोटाला लागतो. पैशासाठी बंद करणारा माणूस रात्री अकराला कड्या तासत बसत नाही.

‘मोठ्या कंपन्या असं करत नाहीत’ असंही लिहिलंत. करतात हो, आणि सर्रास करतात. एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांची खेळणी बनवणाऱ्या लेगोची १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते, हे खरं आणि कौतुकाचंही. पण वीट राहते, सेट जातात. त्यांची ‘विडियो’ नावाची सेटांची मालिका २०२१ मध्ये आली आणि २०२२ उजाडताच बंद झाली. तिला वेगळं अ‍ॅप लागायचं. नुसती वीट असती तर टिकली असती, असं आपलं माझं मत. सिनेमातल्या पात्रांवरची खेळणी तर कराराच्या तारखेवर जगतात. डिस्नेच्या राजकन्यांच्या बाहुल्या मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीकडून २०१६ मध्ये हॅस्ब्रो या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या आणि काही वर्षांनी परत मॅटेलकडे आल्या. बाहुल्या काय नावडत्या झाल्या होत्या? बार्बी मात्र १९५९ पासून आहे, कारण ती मॅटेलची स्वतःची आहे. कपडे आणि पेशा बदलला की तीच बाहुली पुन्हा नवी.

फोनवर माझा आवाज चढला, ते चुकलंच. पण ‘तुम्ही खेळणी विकता की मुलांना फसवता’ हे ऐकल्यावर कुणाचाही चढला असता.

यापुढे कुठलंही खेळणं बंद करताना आणखी आधी कळवू, मेसेजऐवजी फोन करता आला तर तसं बघतोय. नव्या गाडीची कडी जुन्या डब्यांना बसेल का, यावरही काम चालू आहे. नक्की सांगत नाही. तोवर तुमच्या डब्यांच्या कड्या तुटल्या तर सांगा, तासलेल्या सुट्या कड्या बरणीभर ठेवल्या आहेत. त्यांचे पैसे घेणार नाही.