बांधून ठेवलं की पेशंट पडत नाही?

"मनोरुग्णालयात पेशंट पडतात, कारण त्यांना मोकळं सोडतात. रात्री हातपाय बांधा, खाटेला कठडे लावा, झोपेची गोळी द्या. तसेही म्हातारेच पडतात." अशा अर्थाचा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, पण हे उपाय घातक आहेत.

आधी गोळीचं बघू. पडण्यामागे औषधांचा वाटा मोठा असतो. क्लोझापिन, क्वेटियापिन, क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरच्या औषधांनी उभं राहताच बीपी उतरू शकतं, क्लोझापिन १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात, ते यासाठीही. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरतं, पावलं छोटी पडतात. लिथियमने लघवी वाढते आणि रक्तात त्याचं प्रमाण जास्त झालं तर तोल जातो. त्यात झोपेच्या गोळीची भर! रात्री तीनला पेशंट उठतो. डोळ्यांवर झापड, लघवीची घाई, पायात सैल सपाता, संडासाच्या दाराशी ओली फरशी. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि धरायला काहीच नसतं. अशा वेळी गोळी वाढवणं म्हणजे त्याला ढकलणंच. त्यापेक्षा बीपी आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधांचा फेरविचार करायला डॉक्टरांना सांगावं.

कठड्यांचं म्हणाल तर गोंधळलेला माणूस ते ओलांडूनच उतरतो, आणि मग जास्त उंचीवरून पडतो. गादी आणि कठड्याच्या फटीत अडकून जीवही जाऊ शकतो. खाट खाली घेणं बरं. संडासात धरायला दांडी हवीच, पण मनोरुग्णालयात तिच्यामागची फट बंद केलेली असावी, म्हणजे तिला गळफास बांधता येणार नाही.

बांधण्याबद्दल मात्र मी ठामपणे बोलेन. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एर्वाडीच्या एका खासगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळदंडांत अडकलेल्यांना पळता आलं नाही; २५ हून अधिक जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीला सक्त मनाई आहे. हातपाय बांधायचे, तर समोर उभा ठाकलेला धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद करून. "स्टाफ कमी आहे" हे कारण कायदा मान्य करत नाही. शिवाय बांधलेला माणूस सुटायला झटापट करतो, त्यात इजा होते. पडून राहून पायातलं बळ जातं आणि सोडल्यावर तोच आधी कोसळतो.

म्हातारेच पडतात हेही खरं नाही. नवीन औषध सुरू झालेला किंवा ईसीटीनंतर (भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) भानावर येत असलेला पंचविशीतला मुलगाही पडतो.

भरती करताना सिस्टरांना एवढं नक्की सांगा: यापूर्वी पडलाय का, रात्री कितीदा उठतो, घरी कोणत्या गोळ्या चालू होत्या. चष्मा आणि मागे पट्टा असलेली चप्पल सोबत द्या.