दोन स्टार देणाऱ्या ताईंना: नंबर बदलून देतो, बोर्डही काढलाय, पण शूज वाईट नाहीत

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. सोमवारी दुकान बंद असतं. काल तुमचं बिल काढलं, त्या दिवशी काउंटरवर असलेल्या मुलाला समोर बसवलं आणि काय काय झालं ते विचारून घेतलं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी जुलैच्या शेवटी आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या दुकानातून जाड सोलचे, पळण्याचे शूज घेतले, 14,499 रुपयांना. दोन महिन्यांत, साधारण 310 किलोमीटरमध्ये, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं, पोटऱ्या धरल्या, पांडवलेणीच्या डोंगराच्या पायऱ्या उतरताना घोटा मुरगळला आणि सोलवर सुरकुत्या आल्या. बदलून मागायला आल्या तेव्हा आमच्याकडून "वापरलेला माल परत घेत नाही" एवढं एकच वाक्य मिळालं. शिवाय तेच शूज ऑनलाइन 2,700 रुपयांनी स्वस्त दिसले. शेवटी त्यांनी धावपटू कविता राऊतचं नाव घेऊन लिहिलंय, "आपल्या जिल्ह्याची कविता राऊत अनवाणी पळून मोठी झाली, आणि मला साडेचौदा हजारांची गादी विकली."

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर लागलंही.

आधी आमच्या चुका. नख काळं पडलं ती चूक शंभर टक्के आमची. बिलावर पाच नंबर आहे आणि वेळ सकाळी अकराची. मुलानं सांगितलं की तुम्ही स्टुलावर बसलेल्या असताना त्यानं शूजच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला आणि "परफेक्ट आहे" म्हणाला. इथेच घोळ झाला. बसल्यावर पाय आखडलेला असतो, उभं राहिलं की पसरतो आणि लांबतो. सकाळी अकराचा पाय वेगळा आणि दोन-अडीच तास पळून सुजलेला पाय वेगळा. लाँग रनच्या शूजमध्ये उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा लागते, आणि ते सगळ्यात लांब बोट दरवेळी अंगठाच असतं असंही नाही. मी स्वतः इनसोल, म्हणजे शूजमधली सुटी गादी, बाहेर काढून त्यावर गिऱ्हाइकाला उभं करतो, सगळं डोळ्यांना दिसतं. मुलाला हे दाखवलं नव्हतं, म्हणजे चूक फिरून माझ्याकडेच येते. तुम्हाला साडेपाच लागणार, कदाचित सहाही. 310 किलोमीटर झाले असले तरी तेच मॉडेल योग्य नंबरात बदलून देतो, एक पैसा न घेता. काउंटरवर ज्या शब्दांत बोललं गेलं त्याबद्दल मनापासून माफी.

दुसरी चूक दिसायला लहान, पण मला ती मोठी वाटते. तुम्ही लिहिलंय की दुकानात "जास्त कुशन, कमी दुखापत" असा बोर्ड आहे. होता. कंपनीकडून आलेला, चकचकीत, मीही लावून टाकला. काल काढला. कारण ते वाक्य तसं खरं नाही. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी 848 हौशी धावकांना दिसायला सारखे पण एक मऊ आणि एक टणक सोलचे शूज देऊन सहा महिने पाहिलं आणि 2020 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मऊवाल्यांना दुखापती कमी झाल्या, आणि तो फायदा वजनाला हलक्या लोकांत जास्त दिसला. हे कंपन्या आवडीनं सांगतात. पण ती तुलना मऊ-टणकची होती, जाड-पातळची नव्हती. दुसरीकडे फिनलंडमध्ये 2018 साली जाड आणि साध्या शूजची थेट तुलना झाली. ताशी 10 किलोमीटरला आदळण्यात फारसा फरक नव्हता, ताशी 14.5 किलोमीटरला मात्र जाड शूजमध्ये पाय जास्त जोरानं आदळत होता. खाली मऊ लागलं की पाय आपोआप ताठ होतो, असं त्यांचं म्हणणं. वाळूत चालताना आणि फरशीवर चालताना आपण गुडघा सारखा वाकवत नाही, तसंच काहीसं. असलं काही कंपनीच्या बोर्डवर येत नाही.

म्हणजे जाड सोल चांगला की वाईट, असा प्रश्नच नाही. कशासाठी, ते विचारायला हवं. आमच्या मुलानं तुम्हाला नंबर विचारला, बजेट विचारलं, रंग विचारला. पळता कुठे आणि कसं, हे विचारलंच नाही. ते मला तुमच्या रिव्ह्यूतून कळलं: रविवारी गंगापूर रोडनं सोमेश्वरवरून धरणाच्या दिशेला जाऊन परत, 22 किलोमीटर. बुधवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जोरात पळण्याचे तुकडे. शनिवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. तिन्ही दिवस हेच शूज.

आता माझी बाजू. रविवारसाठी हे शूज बरोबर आहेत, आणि यावर मी ठाम आहे. तुम्ही पेस लिहिलाय किलोमीटरला पावणेआठ मिनिटांचा. म्हणजे 22 किलोमीटरला सुमारे 2 तास 50 मिनिटं, मिनिटाला 165 पावलं धरली तर 28,000 पावलं, सगळी डांबरावर. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार. अशा वेळी वेग दुय्यम असतो, चवडे आणि मांड्या शेवटच्या पाच किलोमीटरपर्यंत शाबूत राहायला हव्यात. त्यासाठीच सोलमधला हा फोम. कविता राऊतचं म्हणाल तर सावरपाड्याच्या त्या मुलीचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरला ब्राँझ घेतलं. पण ती शर्यत ट्रॅकवरची, तेहतीस मिनिटांच्या आसपास संपली. तुम्ही रविवारी त्याच्या पाचपट वेळ रस्त्यावर असता, ताई. हळू पळणाऱ्याला कमी सोसावं लागतं असं लोकांना वाटतं, ते काही खरं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी पातळ सोलची लाट आली होती, चप्पल बरी असे शूज. मीही त्यात वाहून गेलो. त्र्यंबक रोडला महिरावणीपर्यंत जाऊन येताना चवडा असा धरला की घरी आल्यावर फरशीवर पाय टेकवेना, दीड महिना पळणं बंद. गंमत म्हणजे जगभर ती लाट होती त्याच सुमारास, 2009 मध्ये, फ्रान्समधल्या अ‍ॅनसीला दोन गड्यांनी नेमकी उलटी गोष्ट केली होती. डोंगर वेगानं उतरता यावा म्हणून अगडबंब सोलचे शूज काढले, होका नावानं. तेव्हा लोक त्या शूजला हसायचे. आज प्रत्येक मोठ्या कंपनीकडे तसं एक मॉडेल आहे, आणि माझ्या दुकानात पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक आधी त्याच रॅककडे वळतं.

मग पोटऱ्या का धरल्या? तुमचे जुने शूज कोणते ते मुलाच्या लक्षात आहे. त्यांचा ड्रॉप 10 मिलिमीटरचा, म्हणजे टाच चवड्यापेक्षा एवढी उंच. नव्यात टाचेखाली 38 आणि चवड्याखाली 33, ड्रॉप पाचच. सोल जाड झाला पण टाच तुलनेनं खाली आली, आणि तो सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर गेला. हे आधी सांगायला हवं होतं. पहिले दोन-तीन आठवडे हे शूज फक्त छोट्या, निवांत रनला घालायचे आणि लाँग रन जुन्यात करायची. पहिल्याच रविवारी 18 केल्यावर पोटऱ्या बोलणारच.

पांडवलेणीचं मात्र मी शूजवर घेणार नाही. दगडी पायऱ्या, श्रावणातलं शेवाळ, आणि पाय जमिनीपासून दीड इंच वर मऊ फोमवर. पायरीच्या कडेवर पाऊल अर्धं पडलं की फोम एका बाजूला दबतो आणि घोटा कलंडतो. शिवाय पुढून वर वळलेला सोल सपाट रस्त्यावर पाय पुढे लोटायला असतो, पायरीवर तो वळण नकोसं होतं. शनिवारी साधे, पातळ, बऱ्या पकडीचे कुठलेही शूज घाला. गोदापार्कच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरही जरा जपून. घोटा आता कसा आहे? अजून सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, शूजचं नंतर बघू.

सुरकुत्यांचा फोटो मी मोठा करून पाहिला. सोलच्या बाजूला आडव्या बारीक रेषा आहेत, त्या पहिल्या महिन्यातच येतात, चेहऱ्यावर हसण्याच्या येतात तशा. फोम मेला असं त्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही शूज टेबलावर ठेवून मागून पाहायचं. टाच एका बाजूला झुकलेली दिसली किंवा अंगठ्यानं दाबल्यावर फोम लाकडासारखा लागला, तर गेला समजा. साधारणपणे 500 ते 800 किलोमीटर जातात. पण त्याच फोटोत मला दुसरं काही दिसलं. शूज गॅलरीच्या ग्रिलवर, भर उन्हात. असं करू नका हो. पावसात भिजले की इनसोल काढायचा, आत जुना पेपर कोंबायचा, दोन तासांनी पेपर बदलायचा आणि पंख्याखाली ठेवायचे. ऊन लागून गोंद सुटतो, फोमही बिघडतो. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत विसरलात तरी तेच. थंडीत उलटं होईल. डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की हाच फोम पहिला एक-दोन किलोमीटर टणक लागेल, तेव्हा परत दोन स्टार देऊ नका, पाय आणि शूज दोन्ही तापू द्या.

किमतीचं म्हणाल तर ऑनलाइन स्वस्त मिळतं, कबूल आहे. मला तो भाव परवडत नाही. पण मग माझ्याकडे पाय तरी नीट मोजला जायला हवा, आणि तोच मोजला गेला नाही, म्हणून तुमचा राग मला रास्त वाटतो.

बुधवारच्या तुकड्यांसाठी तुमचे जुने 10 ड्रॉपवाले चालतील असं मला वाटतं. नवीन काही घेऊ नका, माझ्याकडूनही नाही. त्यांचा सोल एकदा पाहू द्या म्हणजे नक्की सांगता येईल. जानेवारीत मुंबईला 42 किलोमीटरच्या मॅरेथॉनचा विचार आहे असं लिहिलंय, तर नवा नंबर आत्ताच पायात बसायला हवा, डिसेंबरात नाही.

संध्याकाळी सहानंतर या, सोमवार सोडून कुठल्याही दिवशी. बिल नसलं तरी चालेल, माझ्याकडे आहे. पळताना घालता तेच मोजे आणा. टाच निसटते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस कशी फिरवायची तेही दाखवतो, बहुतेक लोक ते भोक रिकामंच ठेवतात. आणि तो मुलगा त्या वेळी दुकानात असेल, या खेपेला पाय तोच मोजेल, मी शेजारी उभा राहीन.