टेस्ट ड्राइव्ह हळू चालवून बघण्यासाठीच असते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बीएमडब्ल्यू एम२च्या टेस्ट ड्राइव्हवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली. खाली दोन ओळी खरडून मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. ४८० अश्वशक्तीच्या गाडीची परीक्षा पुण्याच्या रस्त्यावर होऊच शकत नाही, जे होतं ते शोरूमच्या पेट्रोलवर हौस भागवणं. आकडे छापलेले असतात, जाणकारांचे व्हिडिओ असतात, त्यावरून ठरवावं, विक्रेत्याचे दोन तास खाऊ नयेत. तुम्ही स्वतः तुमची कूपे, म्हणजे दोन दरवाज्यांची गाडी, न चालवता बुक केलीत आणि तीन वर्षं समाधानी आहात. शिवाय माझं एक वाक्य तुम्हाला बेजबाबदार वाटलं : ‘रस्ता मोकळा मिळाला की एकदा पूर्ण दाबून बघा.’

त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी लिहायला नको होतं आणि आज सकाळी ते लेखातून काढलं. का काढलं, तेही लेखाच्या वरच्या बाजूला लिहिलंय. ही गाडी ऑटोमॅटिकमध्ये ४ सेकंदांत शून्यावरून शंभरला जाते. शंभरच्या वेगाला एका सेकंदात जवळपास २८ मीटर रस्ता मागे पडतो. गाडी अनोळखी, टायर अजून गरम झालेले नाहीत, शेजारी शोरूमचा मुलगा, ज्याला गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणणं जड जातं. अशा वेळी ‘मोकळा रस्ता’ हा चालवणाऱ्याचा अंदाज असतो, आणि पुण्यात तो अंदाज गल्लीतून बाहेर येणारी एक दुचाकी खोटा ठरवते. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. त्या शहरात राहून वेगवान गाडीबद्दल लिहिणाऱ्याने शब्द तोलून वापरायला हवेत. तुम्ही कान धरलात, त्याबद्दल मनापासून आभार.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि ते मला जरा ठासून सांगायचंय.

तुम्ही धरून चाललात की टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गाडी किती पळते ते बघणं. माझ्या मते या गाडीचा वेग हा असा एकच गुण आहे, जो तपासायची गरजच नाही. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर : ती पळणार आहे, यात शंका कोणाला? कागदावर नसतं ते उरलेलं सगळं. घरापासून ऑफिसपर्यंत रोज १५ ते ४० च्या वेगात ही गाडी तुमच्याशी कशी वागते, ते कुठल्याच पत्रकात छापत नाहीत. एक कोटी तीन लाख ही २०२४ अखेरीस जाहीर झालेली शोरूमची किंमत. त्यावर कर आणि विमा. एवढे पैसे मोजणाऱ्याने आधी तिच्यासोबत गर्दीत अर्धा तास काढावा, एवढंच माझं मागणं आहे.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. सहा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कंपनीची दोन दरवाज्यांची गाडी वापरलेली घेतली. मालकाने चालवली, मी शेजारी बसलो, आवाज ऐकला, भुललो आणि व्यवहार केला. ड्रायव्हरच्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो तो गाडी माझ्या नावावर झाल्यावर. सीटच्या दोन्ही कडांचे उंचवटे माझ्या कमरेला दाबत होते. पहिल्या दहा मिनिटांत काही जाणवलं नाही. खोपोलीच्या पुढे उजवी मांडी बधिर व्हायला लागली. गादी बदलून पाहिली, सीट वरखाली करून पाहिली. चौदा महिन्यांनी गाडी विकली तेव्हा जे नुकसान झालं त्यात एक चांगली नवी हॅचबॅक आली असती. गाडीत दोष नव्हता. माझ्यापेक्षा बारीक चणीच्या माणसाला ती सीट बोटातल्या अंगठीसारखी बसली असती. पण हे कुठल्या व्हिडिओत कळलं असतं? व्हिडिओ करणाऱ्याची कंबर त्याची, माझी माझी.

म्हणून एम२ बघायला गेलो तेव्हा पहिली वीस मिनिटं इंजिन सुरूच केलं नाही. सीट, स्टिअरिंग, आरसे लावून घेतले आणि नुसता बसून राहिलो. कोणी कार्बनच्या बकेट सीटचा, म्हणजे अंगाला घट्ट धरणाऱ्या हलक्या सीटचा, पर्याय घेणार असेल तर तिच्यात मांड्यांच्या मधोमध कार्बनचा एक उंचवटा असतो, हे ध्यानात ठेवावं. वजन वाचतं, दिसायलाही देखणं आहे. पण मॅन्युअल घेणाऱ्याने क्लचवर पाय नेऊन-आणून बघितल्याशिवाय ती सीट मागू नये. माझ्या उंचीला तो उंचवटा क्लच दाबताना प्रत्येक वेळी जाणवला असता.

मग आईला मागे बसवलं. हो, आईला घेऊन गेलो होतो. मागच्या दोन सीट आहेत त्या कोणासाठी आहेत, हे घेण्याआधी ठरलेलं बरं. पुढची सीट सरकवून, वाकून, एक पाय आत टाकून ती बसली आणि म्हणाली, “बसेन रे, पण उतरताना मला हात लागेल.” मला त्या एका वाक्यात उत्तर मिळालं. आई बरोबर असेल तेव्हा ही गाडी न्यायची नाही, घरातली जुनी सेडान विकायची नाही. म्हणजे पार्किंगच्या दोन जागा लागणार.

आणि पार्किंगवरून खरी गोष्ट सुरू होते. शोरूमला मी विनंती केली की गाडी माझ्या सोसायटीत नेऊन बघू द्या. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला. आमची जागा अडीच मीटर रुंद. गाडी आरसे सोडून १,८८७ मिलिमीटर. बरोबर मधे लावली तर दोन्हीकडे तीसेक सेंटिमीटर उरतात, आणि दोन दरवाज्यांच्या गाडीचा दरवाजा नेहमीच्या गाडीपेक्षा लांब असतो. तेवढ्या फटीतून माणूस बाहेर येत नाही. डाव्या खांबाला अगदी चिकटवून लावली तेव्हा उजवीकडून उतरता आलं. आता रोज तसं लावायचं, की शेजाऱ्यांशी जागेची अदलाबदल करायची, हा प्रश्न मला पैसे भरायच्या आधी पडला. नंतर पडला असता तर?

बेसमेंटच्या रॅम्पचंही तेच. लोक रॅम्पच्या पायथ्याला गाडीचं तोंड घासतंय का ते बघतात. वरच्या टोकाला, जिथे उतार संपून सपाट सुरू होतं, तिथे पोट टेकतं हे विसरतात. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,७४७ मिलिमीटरचं अंतर आहे आणि पोट जमिनीलगत. आमच्या रॅम्पवर सरळ गेलो असतो तर मधे घासली असती, तिरकी घेतली तेव्हा निघाली. गतिरोधकांना हाच नियम. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, २५ च्या वेगाने आरामात ओलांडता यावा असा. तसा असेल तर कुठलीही गाडी जाते. आपल्या गल्लीतले गतिरोधक त्या रात्री डांबर किती उरलं होतं त्यावर ठरलेले असतात. त्यामुळे तुमच्या गल्लीतला गतिरोधक तुम्हालाच ओलांडून बघावा लागतो, तोही मागे कोणी बसलेलं असताना.

रस्त्यावरचा फेरा मी बाणेर, पाषाण, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुटचा घाट आणि परत असा घेतला. मंगळवार, सकाळचे अकरा. वेग कुठेही मर्यादेबाहेर नाही. तरी काय काय कळलं, ते सांगतो, कारण तुमचा मुख्य आक्षेप हाच होता की काही कळत नाही.

भूगावच्या कोंडीत पाय नुसता टेकवला की गाडी सरकते की हिसका देते, हे कळलं. एम२मध्ये इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा स्वभाव वेगवेगळा बदलता येतो, त्यामुळे सगळं एकदम ‘स्पोर्ट’वर टाकून मत बनवण्यात अर्थ नाही. मी इंजिन सगळ्यात शांत ठेवलं, सस्पेन्शन ‘कम्फर्ट’वर, आणि ब्रेकचे दोन्ही पर्याय आलटून पालटून पाहिले. ‘कम्फर्ट’मध्येही पाषाणच्या तुटलेल्या डांबरावर गाडी खड्डा लपवत नाही, तुम्हाला सांगते. मागे २० इंचाची चाकं आणि ३० च्या प्रोफाइलचे टायर म्हणजे रबराची भिंत बोटभर लांबीची, त्यामुळे ते होणारच. मला ते चालणार आहे. माझ्या बायकोला चालणार नाही, तिने तिथेच सांगितलं.

घाटाच्या वळणांवर चाळीसच्या वेगात स्टिअरिंगचं वजन कळलं, पुढचं चाक कुठे आहे ते कळलं, आणि ए पिलरमुळे, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबामुळे, उजव्या वळणावर रस्त्याचा केवढा तुकडा दिसेनासा होतो तेही कळलं. समोरून एसटी येत असताना हा तुकडा फार महत्त्वाचा असतो. उतारावर ब्रेक हलक्या दाबाला कसे लागतात, ते पाहिलं. पुढे ३८० मिलिमीटरच्या डिस्क असलेल्या गाडीचे ब्रेक जोराने लागणारच. सिग्नलला अलगद, धक्का न देता थांबता येतं का, हा खरा प्रश्न. येतं, पण सवय लागेल.

पकड सुटण्याच्या सीमेवर गाडी कशी वागते हे मला कळलं नाही. ते रस्त्यावर कळूही नये. त्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. ज्याला ते बघायचंय त्याने ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, प्रशिक्षकाला शेजारी बसवून बघावं.

आता विक्रेत्याच्या वेळेबद्दल. हा तुमचा मुद्दा मला लागला, कारण त्या मुलांना महिन्याचं टार्गेट असतं आणि हौशी लोक त्यांना खरंच पिळतात. घ्यायची नसेल तर टेस्ट ड्राइव्ह मागू नये, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. मी गेलो तेव्हा बँकेचं मंजुरीपत्र बरोबर होतं, आठवडाभर आधी वेळ घेतली होती, शनिवार-रविवार टाळला होता. दोन तासांपैकी गाडी रस्त्यावर होती जेमतेम पन्नास मिनिटं. निघण्याआधी जो फॉर्म सही करायला देतात तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि सगळ्यांनी वाचावा. गाडीला काही झालं तर विम्याबाहेरची किती रक्कम आपल्या गळ्यात येते ते त्यात असतं. वाचणारं गिऱ्हाईक त्या मुलांनाही आवडतं, असा माझा अनुभव आहे.

डेमो गाडी लोकांनी पिळून काढलेली असते, तिच्यावरून अंदाज कसा बांधायचा, असंही तुम्ही विचारलंय. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते बघा, खाच किती उरली ते बघा. टायर झिजलेले असतील तर आवाज आणि धक्के त्या मानाने वजा करा. बाकी, आपल्या हातात येणारी गाडी वेगळीच असते आणि तिला आपणच सांभाळून वापरायचं असतं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले २,००० किलोमीटर ५,५०० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि ताशी १७० किलोमीटरच्या आत ठेवायला सांगतात आणि मग ऑइल बदलतात. १७०चा आकडा आपल्याकडे गैरलागू, ५,५००चा मात्र पाळायचाच.

तुम्ही न चालवता घेतलीत आणि समाधानी आहात, याचा मला आनंद आहे, अगदी खरं सांगतो. तुमची कंबर, तुमचा रॅम्प आणि तुमच्या घरची माणसं त्या गाडीशी जुळली. माझी नव्हती जुळली.

‘मग घेतलीत का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. अजून नाही. मला सहा गिअरची मॅन्युअल हवी आहे आणि डेमो गाडी ऑटोमॅटिक होती, त्यामुळे क्लच सोडून सगळं कळलं. एका मालकांनी येत्या रविवारी त्यांची मॅन्युअल दाखवायचं कबूल केलंय. मी चालवणार नाही, गाडी त्यांची आहे. पण बंद गाडीत क्लच दाबून बघता येईल आणि चालू गाडीत त्यांच्या डाव्या पायाकडे नीट बघता येईल. तोवर बुकिंगची रक्कम भरणार नाही.

तुम्ही कोथरूडला राहता असं प्रतिक्रियेत लिहिलंय, पण तुमची कूपे मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक, ते लिहिलं नाहीत. मॅन्युअल असेल तर संध्याकाळी सातच्या सुमाराला चांदणी चौकातून भूगावपर्यंत जाताना डाव्या गुडघ्याचं काय होतं, तेवढं रविवारच्या आत कळवाल का?