पाळी थांबणं म्हणजे फिटनेस नव्हे!

काल रात्री भाचीने मला एक मेसेज पाठवला. ‘खेळणाऱ्या मुलींनी वाचाच’ म्हणून सगळीकडे फिरतोय तो. खाली तिचा प्रश्न: ‘म्हणजे माझं बरोबर चाललंय ना, मावशी?’ ती 16 वर्षांची आहे, रोज धावते आणि चार महिने तिला पाळी आलेली नाही.

मेसेजचा पहिलाच दावा असा: ‘कसून सराव केला की पाळी थांबते; शरीर तयार झाल्याची ती खूण.’ साफ खोटं, आणि घातक. व्यायामात खर्च होतं त्या मानाने खाणं कमी पडलं, की मेंदूतला हायपोथॅलॅमस काटकसर सुरू करतो. बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, पाळी थांबते. इस्ट्रोजेन घटलं की हाडं झिजू लागतात, तीही नेमकी हाडं भरायच्या वयात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं, 2023 मध्ये त्यावरचं निवेदन सुधारून पुन्हा काढलं. हाडं, प्रतिकारशक्ती, हृदय, मन आणि खुद्द खेळातली कामगिरी, सगळ्यांवर परिणाम होतो असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ही म्हणे तयारीची खूण!

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होते, एवढं मान्य. पण नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नसेल, तरीही.

‘पिष्टमय पदार्थ सोडा, वेग वाढेल’ हा सल्ला याच खड्ड्यात ढकलणारा. आधीच कमी खाणाऱ्या मुलीचं मुख्य इंधनच काढून घ्यायचं!

‘वजनं उचलून मुली पुरुषी होतात’: बायकांमध्ये स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, होत नाहीत. उलट हाडांना त्या भाराची गरज असते. ‘पाळीत व्यायामाने गर्भाशयाला इजा होते’ यालाही आधार नाही. पोटात फार दुखत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, इतकंच.

मी तिला फोन करून विचारलं, कुठे दुखतं का? म्हणाली, नडगीवर एकाच जागी, बोट टेकवलं तरी कळ येते. हाडाला बारीक तडा असला तर असंच दुखतं. सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेतेय. नुसत्या गोळ्यांनी रक्तस्राव सुरू करून भागणार नाही, खाण्याचा हिशोबही मांडायचाय. तोवर तिचं धावणं बंद.