बक्षीसपत्रातली एक ओळ

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा, मुलाने सांभाळावं म्हणून करायचा अर्ज आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिला. त्यांच्या स्वतःच्या घरात मोकळं बोलायची सोय उरलेली नाही. 'सामनेवाला' असं लिहून पुढे मुलाचं नाव टाकायचं होतं. काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि नावाआधी 'चि.' लिहिलं. घरातल्या फ्रिजला कुलूप आहे, किल्ली सुनेच्या पर्समध्ये. भूक लागली तर असावेत म्हणून काकू बिस्किटांचे पुडे साड्यांच्या घड्यांत ठेवतात. आणि तरी 'चि.'. मी ते खोडलं नाही.

"मुलगा वाईट नाही गं," हे त्या अर्ज लिहिताना तीनदा म्हणाल्या.

काका गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी फ्लॅट मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिला. आपल्याकडे महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, त्यामुळे "आताच करून टाक, नंतर कटकट नको" असं सगळेच सांगतात. मी ते बक्षीसपत्र वाचलं. प्रेम व जिव्हाळ्यापोटी, विनामोबदला, कायमचे. आईला सांभाळीन अशी एक ओळ त्यात नाही.

त्या एका ओळीसाठी मी ही पोस्ट लिहितेय.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मिळतं. पण अट असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. तिच्याकडे मुलाने सांभाळायचं लेखी वचन होतं. काकूंकडे तसा कागद नाही.

म्हणून हात जोडून सांगते, घर द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा, ते हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर अट लिहून घ्या. अट घालणं म्हणजे मुलावर अविश्वास, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार करताना आपण पानभर अटी घालतो.

आणि बक्षीसपत्र होऊन गेलं असेल, तरी दार बंद झालेलं नाही. त्याच कायद्याने मुलांकडून मिळणारा चरितार्थाचा हक्क घर दिल्याने जात नाही. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, सगळं त्यात येतं. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, कारण हे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचे प्रमुख उपविभागीय अधिकारीच असतात. स्वतः जाणं जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. काकूंनी मला दिलाय. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आदेश होऊनही मुलाने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. महिलांना तर उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

कायदा पुरेसा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. चरितार्थासाठी महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये, ही मर्यादा २००७ ची. गुडघ्याचं ऑपरेशन, इन्सुलिन, रात्रीची बाई, काय काय बसवायचं त्यात? ती मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. याची मला खरंच चीड येते.

पण त्याहून जास्त चीड येते ती आमच्याच बिल्डिंगमधल्या बोलण्याची. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" फ्रिजच्या कुलपाबद्दल यांच्यातल्या निम्म्या लोकांना दोन वर्षांपासून माहीत होतं. मलाही होतं. मीही दोन वर्षं गप्प बसले, आणि तेवढे दिवस त्या बाईने बिस्किटांवर काढले.

अर्ज देऊन आलो त्या संध्याकाळी काकूंनी एकच विचारलं, "त्याला पोलीस नेणार नाहीत ना?" नाही नेणार, समोरासमोर बसवून आधी समेट होतो का ते बघतात, असं मी सांगितलं. मग त्या चहा प्यायल्या.

पहिली तारीख येत्या गुरुवारी आहे. मी रजा टाकलीय.